चेहरा वाचणारे आणि चेहरा मोजणारे

माणूस समोर आला की आपण आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो. भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीत चेहरा पडतो, उतरतो, खुलतो. कपाळाला आठ्या पडतात, भुवया चढतात, तोंड आंबट होते. उर्दूत चेहऱ्याचा रंग उडतो, तेवर बदलतात, माथ्यावर बल पडतात. हे सारे वाक्प्रचार घडीभराच्या भावनेचे आहेत. राग आला, आठी पडली. राग गेला, आठी गेली. इथपर्यंत तक्रार करण्याजोगे काही नाही.

परंतु बोलता बोलता आपण एक पायरी पुढे जातो. ‘तोंडावरूनच लबाड दिसतो’, ‘चेहरा खानदानी आहे’, ‘घाऱ्या डोळ्यांच्या माणसापासून जपून राहावे’ अशी वाक्ये घराघरांत ऐकू येतात. आता विषय भावाचा राहिलेला नसतो, स्वभावाचा झालेला असतो. आणि स्वभावावरून कुळाचा, जातीचा, धर्माचा व्हायला फारसा वेळ लागत नाही. ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही हो!’ हे वाक्य मराठी मुलखात वावरणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकले आहे. बोलणारा ते कौतुकाने बोलतो. मुसलमानाचा चेहरा कसा असतो याचे एक चित्र त्याच्या मनात आधीच टांगलेले असते आणि समोरचा माणूस त्या चित्राशी जुळला नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

हे चित्र कोणी काढले, कधी काढले आणि त्याला शास्त्राचा मुलामा कोणी चढवला, याचा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या विद्येला मराठीत मुखसामुद्रिक म्हणतात, उर्दूत कियाफाशनासी. तिचा इतिहास चाळताना आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटली. एक, समोरच्या एका माणसाला समजून घेण्यासाठी त्याचा चेहरा वाचणारी. दुसरी, माणसांचे गट पाडण्यासाठी चेहरे मोजणारी. पहिल्या प्रकारात चित्रकार अधिक आहेत, दुसऱ्यात विद्वान आणि अंमलदार. दोघांच्याही वाटा आपल्या महाराष्ट्रातून गेल्या आहेत.

जुन्या पोथ्यांतली विद्या

ही विद्या कुणा एका देशाची नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या अंगलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. कपाळ कसे असले की राज्य मिळते, कोणत्या लक्षणाची कन्या वरावी, असे तिचे स्वरूप आहे. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींची नजर आजही कळत नकळत त्याच पोथीतून फिरत असते, मग ती मंडळी कोणत्याही धर्माची असोत.

ग्रीकांकडे अॅरिस्टॉटलच्या नावावर चालणारा एक ग्रंथ होता. दुसऱ्या शतकातील पोलेमन या पंडिताने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याची मूळ ग्रीक प्रत नष्ट झाली, मात्र अरबी भाषांतर टिकले. पुढे इमाम फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांनी ‘किताबुल फिरासा’ लिहिली. अरबीत या विद्येसाठी दोन शब्द आहेत. फिरासत म्हणजे बाहेरच्या खुणांवरून आतले ताडणे. सूफींनी याच शब्दाला ईमानवंताच्या अंतर्दृष्टीचा अर्थ दिला. कियाफा म्हणजे पावलांचे ठसे आणि अवयवांची ठेवण पाहून नाते ओळखणे.

इमाम शाफई यांच्याविषयीचा एक किस्सा या संदर्भात नेहमी सांगितला जातो. फिरासतीची पुस्तके जमवून ते यमनहून परतत होते. वाटेत निळ्या डोळ्यांचा, पुढे आलेल्या कपाळाचा माणूस भेटला. पुस्तकांप्रमाणे हा कंजूष आणि हलका ठरत होता. त्याने मात्र इमामसाहेबांना घरी नेले, जेवू घातले, अंथरूण दिले, जनावराला वैरणही दिली. ही विद्या खोटी आहे, पुस्तके फेकून द्यावीत, असे त्यांच्या मनात आले. सकाळी निघताना यजमानाने एकेका गोष्टीचा हिशेब मांडून पैसे मागितले आणि पुस्तके वाचली! किस्सा मजेदार आहे. पण तो रचणाऱ्याला पुस्तके वाचवायची होती हेही त्यात दिसते. पैसे घेऊन वाटसरूला आसरा देणे हा त्या माणसाचा धंदा असू शकतो, हा विचार किस्सा आपल्याला करू देत नाही. मुखसामुद्रिकाची मेख इथेच आहे. निर्णय आधी ठरलेला असतो, पुरावा मागाहून सापडतो.

याउलट कियाफ्याची एक घटना हदीसमध्ये आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून ती सही बुखारीत आली आहे. हजरत जैद गोरे होते आणि त्यांचे पुत्र हजरत उसामा काळे. उसामांच्या मातोश्री उम्मे ऐमन या हबशी होत्या. रंगातल्या या फरकावरून काही लोक कुजबुजत. एके दिवशी बापलेक एका चादरीखाली झोपले होते. डोकी झाकलेली, पावले उघडी. मुदलिज टोळीचा मुजज्जिज नावाचा जाणकार तिथून जाता जाता म्हणाला की, ही पावले एकमेकांपासूनची आहेत. पैगंबर (स.) इतके आनंदले की घरात आले तेव्हा त्यांच्या कपाळाच्या रेषा उजळल्या होत्या.

हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. कुजबुज करणाऱ्यांनी चेहऱ्याचा रंग पाहिला होता, जाणकाराने चेहरे पाहिलेच नाहीत. त्याच्या विद्येने एका मुलावरचा संशय दूर केला. आणि या हकिकतीत ज्या एका चेहऱ्याचे वर्णन आले आहे ते कुळाचे नाही, आनंदाचे आहे.

अजिंठ्याची सुंदरी आणि मोगलांचा इनायतखान

आता चित्रकारांकडे येऊ. भरताच्या नाट्यशास्त्रात दृष्टीचे ३६ प्रकार आणि भुवयांच्या हालचालींचे ७ प्रकार सांगितले आहेत. नाचणाऱ्यासाठी केलेली ही नोंद चित्रकारालाही उपयोगी पडली. नृत्य जाणल्यावाचून चित्र कळत नाही, असे चित्रसूत्राचे म्हणणेच आहे. या सर्व वर्गवारीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती भावांची वर्गवारी आहे, माणसांची नाही. एकच नट एका रात्रीत या साऱ्या दृष्टी दाखवू शकतो.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात या विद्येचे फळ पाहायला मिळते. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाला. ती बातमी ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळली, तो हा प्रसंग. ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने हे चित्र प्रसिद्ध आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, मागून एकीने आधार दिलेला आणि भोवतीच्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर काळजी. सुंदरीचे कूळ कोणते, नाक किती लांब, याची चौकशी त्या चित्रापुढे उभे राहून कोणी करीत नाही. पाहणाऱ्याला एकच कळते की, या बाईवर आभाळ कोसळले आहे.

या चित्रांच्या नकला करण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात खपले. त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनला आगीत जळाल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांच्या मदतीला बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हेही होते. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बौद्ध भिक्षूच्या पत्नीचे दुःख हैदराबादचे मुसलमान चित्रकार अंधाऱ्या लेण्यात बसून रेषेरेषेने उतरवून घेत होते. आपल्या वार्षिकाच्या वाचकांनी ही नावे विसरू नयेत असे आम्हाला वाटते.

मोगल चित्रशाळेत तर चेहऱ्यासाठी वेगळा कारागीरच असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची जी सचित्र प्रत आहे, तिच्या पानांच्या खालच्या कडेला कारागिरांची नावे लिहिलेली आहेत. आराखडा काढणाऱ्याचे काम ‘तर्ह’, रंग भरणाऱ्याचे ‘अमल’ आणि ओळखीचे चेहरे काढणाऱ्याचे ‘चेहरा-नामी’. अकबराने स्वतःची आणि दरबारातील सर्व मोठ्या माणसांची चित्रे काढवून एक संग्रह केला, असे अबुल फजलने नोंदवले आहे. जहांगीरला चेहऱ्याचे वेडच होते. एकाने चेहरा काढला आणि डोळे-भुवया दुसऱ्याने काढल्या, तरी कोणता हात कोणाचा हे आपण सांगू शकतो, असे त्याने आत्मचरित्रात अभिमानाने लिहिले. १६१३ साली इराणच्या शाह अब्बासकडे वकील पाठवताना त्याने बिशनदास या चित्रकाराला बरोबर दिले, ते शाहचा आणि त्याच्या सरदारांचा हुबेहूब चेहरा आणण्यासाठी. हिंदू चितारी, शिया बादशहाचा दरबार आणि चित्र मागवणारा हिंदुस्थानचा बादशहा!

याच जहांगीरच्या दरबारात १६१८ साली इनायतखान नावाच्या सरदाराला समोर आणले गेले. अफू आणि दारूने तो हाडांचा सापळा झाला होता. बादशहाने त्याला प्रवासखर्चासाठी पैसे दिले आणि चित्रकारांना त्याची तसवीर काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी इनायतखान वारला. त्याचे रेखाचित्र बॉस्टनला आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डला आहे. उशांना टेकून बसलेला, बरगड्या दिसणारा, शून्यात पाहणारा तो माणूस पाहताना अंगावर काटा येतो. जहांगीरचा हेतू कुतूहलाचा होता, दयेचा किती होता हे सांगणे कठीण. परंतु चितारी त्या कुतूहलापलीकडे गेला. त्या चेहऱ्यात व्यसनी माणसांचा नमुना दिसत नाही, मरणाच्या दारात बसलेला एकच इनायतखान दिसतो.

युरोपातून आलेली मोजपट्टी

युरोपातही दोन्ही धारा होत्या. नेपल्सच्या देला पोर्ता याने १५८६ साली माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी छापून स्वभाव सांगितले. मेंढीसारखे तोंड तो मेंढीसारखा, सिंहासारखे तो शूर. फ्रान्सचा चित्रकार ल ब्रँ याने १६६८ साली चित्रकारांपुढे व्याख्यान देऊन राग, भीती, आश्चर्य यांची तोंडे कशी काढावीत हे शिकवले. मग झुरिकचा धर्मोपदेशक लाव्हाटर आला. १७७५ ते १७७८ या काळात त्याचे चार भव्य खंड निघाले आणि कागदावर सावली कापून स्वभाव सांगण्याचे वेड युरोपभर पसरले.

त्याच वेळी गटिंगेनचा एक प्राध्यापक लिश्टेनबर्ग याने लाव्हाटरला विरोध केला. तो स्वतः पाठीला कुबड असलेला होता. शरीरावरून आत्मा मोजणाऱ्यांशी त्याचे जमणे शक्यच नव्हते. त्याचा इशारा असा की, ही विद्या लोकांच्या मनात खरोखर रुजली तर मुलांनी गुन्हा करण्याआधीच त्यांना फासावर चढवले जाईल. वाचणाऱ्यांना ती थट्टा वाटली असेल. आपल्या देशात शंभर वर्षांच्या आत ती जवळजवळ कायदा होऊन बसली.

हिंदुस्थानात हे सारे छायाचित्राच्या पेटीतून आले. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांची छायाचित्रे कापून ती निराळ्या देखाव्यावर चिकटवलेली होती. त्यापाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आशीर्वादाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. प्रत्येक चित्राखाली जमातीचे नाव आणि तिच्या स्वभावाचा निवाडा. अलाहाबादकडच्या एका सय्यद गृहस्थाचे चित्र देऊन लेखकाने त्या चेहऱ्यात हटवादीपणा, अज्ञान आणि धर्मवेड वाचले, आणि ते सर्व त्याच्या वर्गावर लादले. तो सय्यद काय करत होता, कसा बोलत होता, त्याला मुले किती होती, यातले काही तिथे नाही.

हे खंड १८६९ साली लंडनमध्ये सर सय्यद अहमद खान यांच्या नजरेस पडले. त्यांचे पुत्र सय्यद महमूद सोबत होते. महमूद ती पाने उलटत असताना एका इंग्रज तरुणाने विचारले की, आपण हिंदुस्थानी का? महमूद लाजले. हो म्हणाले, पण लगेच पुस्ती जोडली की, आम्ही तिथले मूळचे नव्हेत, आमचे पूर्वज बाहेरून आलेले. ही हकिकत सर सय्यद यांनी स्वतः पत्रात लिहून कळवली आहे आणि ते पुस्तक पाहून झालेल्या वेदनाही. उर्दू शाळांतून सर सय्यद शिकवले जातात, त्यांच्या या पत्राची चर्चा मात्र फारशी होत नाही. व्हायला हवी. परक्याने आपल्या चेहऱ्याला बट्टा लावला की माणूस ‘हा चेहरा माझा नाहीच’ असे म्हणू लागतो. महमूद यांच्या त्या पुस्तीत आपल्या समाजाचे एक जुने दुखणे आहे. त्याकडे पुढे येऊ.

नाक, कवटी आणि कायदा

चेहऱ्यावरचा निवाडा पुस्तकात राहिला असता तर एक वेळ चालले असते. इटलीच्या लोम्ब्रोसोने १८७६ साली जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो असे प्रतिपादन केले. त्याच्या पाच वर्षे आधीच, १८७१ साली, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून टाकला होता. इथे तर चेहराही पाहायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. हजेरी, परवाना, गावाबाहेर जायला बंदी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. हा केवळ इतरांचा प्रश्न आहे असेही कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद या नावापुढे ‘मुस्लिमांसह’ असे लिहिलेले आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी मोजून जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. या दाव्याला शास्त्रीय उत्तर दिले ते आपल्याच मातीतल्या माणसाने. गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ साली मालवणला जन्मले. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या घुर्यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात रिस्लेंचेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवून दिले की, उत्तरेतील एक प्रदेश सोडला तर नाक आणि जात यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्रातही तो बसत नव्हता.

त्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे. जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात, नाव इरावती नदीवरून, आणि सासर दापोली तालुक्यातील मुरूडच्या महर्षी कर्व्यांचे. त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना गोऱ्या युरोपीयांची कवटी आणि बुद्धी श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले हवे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडला. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. गुरूच्या हातातली मोजपट्टी घेऊन गुरूचेच म्हणणे खोडून काढायला केवढे धैर्य लागले असेल!

साहेबासमोरचा चेहरा

या मोजणीच्या काळात एक प्रामाणिक नोंदही झाली, तीही आपल्या महाराष्ट्राची. चार्ल्स डार्विनला स्वभाव सांगायचा नव्हता. राग, लाज, भीती यांचे भाव सर्व जगात सारखे असतात का, एवढेच त्याला पाहायचे होते. त्याने १८६७ साली एक प्रश्नावली देशोदेशी पाठवली. ३६ निरीक्षकांकडून उत्तरे आली आणि १८७२ साली त्यावरचे पुस्तक निघाले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन साहेबांनीही निरीक्षण केले होते. त्यांची अडचण डार्विनने नोंदवून ठेवली आहे: गोऱ्या माणसासमोर इथले लोक सवयीने सर्व भावना लपवतात, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही.

आमच्या मते या विद्येच्या सबंध इतिहासातले हे सर्वात खरे निरीक्षण आहे. नगरच्या शेतकऱ्याला राग येत नव्हता असे नाही. घरी, बांधावर, बाजारात तो येत होता आणि दिसतही होता. साहेब आला की तो चेहरा मिटून घेई. म्हणजे चेहऱ्यावर जे दिसते त्यात पाहणाऱ्याचा हुद्दाही मिसळलेला असतो. वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला हे रोज अनुभवायला मिळते. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा अदब ज्या घरात शिकवला जातो, त्या घरातले मूल प्रश्न विचारताच खाली पाहते. त्याला येत नाही म्हणून ते खाली पाहते, असे तपासायला आलेला माणूस धरून चालतो. तेच मूल मधल्या सुट्टीत मित्राला तेच गणित हातवारे करून समजावत असते. खाली गेलेली नजर त्याला शिकवलेली आहे आणि ती त्याने नीट पाळली आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या शेऱ्यात मूल ‘ढ’ ठरते.

आपले स्वतःचे आरसे

महमूद यांच्या पुस्तीकडे परत येऊ. आपल्या कोकणी मुसलमानांत ‘आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतातून आले’ हे वाक्य पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. गोरा रंग किंवा सरळ नाक दाखवून पुरावाही दिला जातो. अरब व्यापारी या किनाऱ्यावर आले हे खरेच आहे. अल-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौलला, येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होते, तसेच हिंदुस्थानातच जन्मलेले मुसलमानही होते. त्यांना ‘बयासिरा’ म्हणत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच आपण इथे जन्मलेले होतो. मग नाक दाखवून बाहेरचे असल्याचा दाखला मागण्याची आणि देण्याची गरज काय? या दाखल्याची दुसरी बाजूही आहे. ज्याचा रंग सावळा, तो आपल्यातच खालचा ठरतो. निकाह ठरवताना ते उघडपणे बोललेही जाते. उसामांवर कुजबुजणाऱ्यांची जागा मग आपणच घेतलेली असते.

चेहरा आणि माती यांचा संबंध किती सैल असतो हे रत्नागिरीकरांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याच्या थोरल्या कन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, इथेच तिने संसार केला आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ती इथे जगली. चेहरा मंडालेचा, भाषा मराठी. रिस्लेंची मोजपट्टी तिला कोणत्या रकान्यात बसवणार होती?

चेहरा पाहणाऱ्याच्या मनात काय असते याचे सर्वात मोठे उदाहरण तर महाराष्ट्राच्या हृदयातलेच आहे. इटालियन प्रवासी मनुची याने सतराव्या शतकात मीर मुहंमद या चिताऱ्याकडून दरबारी माणसांची चित्रे काढवून घेतली होती. तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील इब्राहिमखान नावाच्या गृहस्थाचे चित्र पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात आले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल समकालीन चित्र प्रसिद्ध केले आणि हा घोटाळा दूर झाला. त्याआधी जुन्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या किती जणांनी त्या डोळ्यांत तेज, त्या नाकात करारीपणा आणि त्या कपाळावर राजयोग पाहिला असेल! त्यांची भक्ती खोटी नव्हती. ती त्यांच्या अंतःकरणातून निघून कागदावर उतरली होती. कागदावर कोणाचा चेहरा आहे याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. प्रेमाने जे घडते ते द्वेषानेही घडते. प्रेमाने कोणाच्याही चेहऱ्यात राजा दिसतो, द्वेषाने कोणाच्याही चेहऱ्यात गुन्हेगार.

यंत्र शिकले कोणाकडून?

आज ही विद्या संगणकात शिरली आहे. २०१६ साली चीनमधील दोन संशोधकांनी १,८५६ छायाचित्रे संगणकाला देऊन तो चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखतो असा दावा केला. टीकाकारांनी चित्रे नीट पाहिली तेव्हा दिसले की, निरपराध म्हणून निवडलेल्यांच्या ओठांवर हलके हसू होते, गुन्हेगारांच्या नव्हते. २०१९ साली अमेरिकेतील लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने सांगता येत नाही, प्रसंग आणि संस्कृती पाहावीच लागते, असे त्यातून निघाले. युरोपीय संघाने शाळांत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने भावना ओळखण्यावर कायद्याने बंदी घातली, ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. अर्स्किन साहेबांना नगरमध्ये जे उमगले होते, तिथे जग दीडशे वर्षांनी पोहोचले.

यंत्राला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. यंत्र माणसांनी निवडलेल्या चित्रांवर शिकते आणि माणसे आपापल्या मनात टांगलेल्या चित्रांवर. कुरआनने माणसांच्या रंगांतील आणि भाषांतील वेगळेपणाला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. कबिले आणि कौमे केली ती एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असेही सांगितले आहे. ओळख व्हायला वेळ लागतो. बिशनदासाला इराणपर्यंत जावे लागले, सय्यद अहमदांना लेण्याच्या अंधारात महिनोन्‌महिने बसावे लागले. आपल्याला तेवढे लांब जायचे नाही. वर्गातल्या, मोहल्ल्यातल्या, एसटीतल्या शेजारच्या बाकावरच्या माणसाविषयी मत बनवण्याआधी त्याला दोन शब्द बोलू द्यावेत, आणि निकाहासाठी मुलगी पाहायला गेल्यावर तिच्या रंगाची चर्चा तिथेच थांबवावी. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.